शेवटची स्कूटर गार्डसाहेबांची

गार्डसाहेब आयुष्यात कधी कोणाच्या पुढे गेले नाहीत आणि ही गोष्ट ते मोठ्या अभिमानाने सांगत. लग्नाच्या पंगतीत ते शेवटच्या ओळीत शेवटच्या जागी. किराणा दुकानात त्यांच्यानंतर आलेला माणूस त्यांच्याआधी पिशवी भरून घरी पोचलेला असे. एकदा नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. रांगेत मागून येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला "या, तुमी व्हा पुढं" म्हणत राहिले. खिडकी बंद झाली तेव्हा रांगेत ते एकटेच उरले होते.

"मंग काय केलं?" मी विचारलं.

"काय करतो? एक दिवस आनखीन जिवंत राह्यलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो."

आमच्या रविवार स्कूटर मंडळात सगळ्यात मागची स्कूटर त्यांची. बारा वर्षं ती जागा त्यांची होती. ती त्यांना कोणी दिली नव्हती आणि त्यांनी मागितलीही नव्हती. पण ती सोडा, असं त्यांना सांगायचं काम मात्र माझ्यावर आलं. मंडळाची यादी माझ्याकडे असते. नावं जी लिहिते तिनेच खोडायची, असा आमच्याकडचा रिवाज आहे.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. अमरावतीला हमीदभाईंच्या गॅरेजसमोर दर रविवारी पाच-सहा जण आपापल्या जुन्या, हँडलवर गिअर असलेल्या स्कूटरी घेऊन बसलेले असायचे. या स्कूटरी आठवडाभर चालतात आणि रविवारी दुरुस्त होतात. एकदा हमीदभाईच वैतागून म्हणाले, "अरे बाप्पा, हिथं बसून चहा पेता, त्यापेक्षा या गाड्या कुठं तरी फिरवून आना न. बंद पडल्या तर मी हाये." एवढ्या वाक्यावर आमचं मंडळ निघालं. माझी स्कूटर वडिलांची, फिकट निळी. ते गेल्यावर भाऊ ती विकायला निघाला होता. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि वर्षभर बाहेर काढली नाही. मी कचेरीत आवक-जावक सांभाळते. चार माणसं एकत्र दिसली की माझा हात कागदाकडे जातो. पहिल्याच दिवशी मी नाव, गाडीचा रंग, रक्तगट आणि घरचा फोन असे चार रकाने आखले आणि मंडळाची यादीवाली झाले.

पहिली फेरी भातकुलीची. भातकुली म्हणजे आमच्या अंगणातलंच गाव, तिथे काय हरवणार? सहा स्कूटरी निघाल्या. पोचल्यावर आम्ही सहा प्लेट गिला वडा सांगितला, हसलो, फोटो काढले. बऱ्याच वेळाने माझं लक्ष गेलं, की एक प्लेट तशीच पडली आहे. वानखडे सर नव्हते. हे सर गणिताचे, स्वभावाने उतावळे, आणि त्यांची हिरवी स्कूटर त्यांच्यापेक्षा उतावळी. आम्ही उठणार तेवढ्यात सर आले आणि त्यांच्या मागून एक अनोळखी स्कूटर आली. तिच्यावर उंच, हडकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी स्कूटर शांतपणे स्टँडवर लावली, आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या गाडीले गार्ड कोन हाय?"

हमीदभाई म्हणाले, "बॉडीगार्ड काहून लागते भाऊ? आमी काय मंत्री हाओत?"

"मालगाडीले असते तो. मागचा. हे मास्तर तिकडं रस्त्यावर प्लग फुकून राह्यले, अन् तुमी इथं वडे खाऊन राह्यले."

वानखडे सरांचा प्लग त्यांनीच बदलून दिला होता. स्वतःच्या डिक्कीतला. हमीदभाईंनी सातवी प्लेट सांगितली. मिशीवाले गृहस्थ म्हणाले, "आधी मास्तरले द्या." मग खाली बसले आणि मंडळात आले. अर्ज नाही, फॉर्म नाही. मी यादीत सातवं नाव लिहिलं, नावापुढे कंसात 'गार्ड' लिहिलं, आणि पुढच्या महिन्याभरात सगळे खरं नाव विसरून गेले.

गार्डसाहेब बडनेऱ्याचे. सारी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेली. "पुढं अठ्ठावन डबे अन् मांग मी एकटा. ड्रायव्हरचं तोंड तर महिना महिना दिसे नाई," असं ते सांगत. रात्रंदिवस उघड्या डब्यात बसून मागे पळणारा रूळ पाहत राहायचं, गाडी आडबाजूला उभी केली तर पाच-पाच तास उभं राहायचं, आणि इंजिनाला शेवटपर्यंत कळत नाही ते आपण आधी ओळखायचं. त्यांच्या स्कूटरच्या स्टेपनीवर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने मोठी फुली काढली होती. रेल्वेच्या शेवटच्या डब्यावर असते तशी. नव्या माणसाला वाटे, गाडी भंगारात काढायची खूण असावी. मग त्याला धडा मिळे. "स्टेशनमास्तर इंजिन पाहत नसते. इंजिन काय, कोनतंबी येते. तो फुली पाहते. फुली दिसली म्हंजे गाडी तुटली नाही, सारे डबे आले. तवाच तो मागच्या गाडीले रस्ता देते."

तेव्हापासून आमच्या मंडळाचाही नियम झाला. फुली आल्याशिवाय चहाची ऑर्डर नाही.

या नियमाने आमचे फार हाल झाले. साहेबांचा काटा चाळिसाच्या पुढे जात नसे. उन्हात, भुकेने कळवळत आम्ही टपरीसमोर उभे असायचो आणि लांबवर एक पांढरा ठिपका मुंगीसारखा सरकत यायचा. वानखडे सर म्हणायचे, "साहेब, थोडं रेटा न! वडे थंडे होऊन राह्यले."

"सर, तुमाले पुढं जाची सवय हाय, तुमी जात जा. मांगच्याले घाई झाली तर तो मांगचा राहत नाई."

मी कचेरीत शुद्ध बोलते, पण साहेबांशी बोलताना माझी जीभ आपोआप घरच्या वळणावर जायची, 'मी करते'चं 'मी करतो' व्हायचं. आमचं पहिलं भांडण यादीवरून झालं. निघताना मी सगळ्यांची हजेरी घेई, नावापुढे खुणा करी, यादी घडी करून पर्समध्ये ठेवी आणि सगळ्यांच्या पुढे निघे. मला पुढे राहायला आवडायचं. सातचं निघणं म्हणजे सात, आणि पहिली निळी स्कूटर. साहेबांनी एकदा यादी मागून घेतली, चष्मा वर करून वाचली आणि परत दिली.

"ताई, ही तर रुखवतासारखी यादी हाय. पाहाले लय चांगली."

"मंग काय कमी हाय तिच्यात?"

"निंगाले कोन, ते लिवलं. पोचले कोन?"

मला राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. पुढच्या रविवारी यादीत पाचवा रकाना आखला: 'पोचले'. साहेबांनी तो रकाना पाहिला. डिक्कीतून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. त्यांच्या डिक्कीत दोन प्लग, क्लचची जादा वायर, पाना, पेचकस, शिट्टी, उन्हासाठी कांदा आणि लाडू एवढं कायम असे. फोनही तिथेच असे, फडक्यात गुंडाळलेला. तो कधी उचलला जायचा नाही. "वाजते तवा मी गाडीवर असतो, गाडीवरून उतरलो का तो वाजत नाई," अशी त्यांची फोनबद्दल तक्रार होती.

त्या फोनपायी, आणि माझ्या मोठ्या चुकीपायी, बाळापूरची फेरी मला जन्मभर लक्षात राहील.

मार्च महिना, पण अकोल्याचा मार्च. चौदा स्कूटरी बाळापूरचा किल्ला पाहून परत फिरल्या. अकोल्यात वानखडे सर माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "मॅडम, मी सासुरवाडीत थांबतो, उद्या येतो." मी "बरं" म्हटलं, गाडी बाजूला घेतली, यादी काढली आणि सरांच्या नावावर नीट पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ मारली. काम पुरं. आम्ही मूर्तिजापूरला येऊन थांबलो. फुली येईना. अर्धा तास झाला, तास झाला. फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. मी आणि हमीदभाई परत अकोल्याकडे निघालो. रस्ताभर मी प्रत्येक झाडाखाली पाहत होते आणि मनात नको ते येत होतं.

अकोल्याबाहेरच्या रसवंतीजवळ साहेब एका दगडावर बसलेले दिसले. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात रसाचा गिलास, नजर अकोल्याच्या रस्त्यावर. शहराबाहेर पडताना तिथे त्यांनी पुढच्या गाड्या मोजल्या होत्या. आपली धरून तेरा भरल्या. चौदावी आली नाही. म्हणून ते थांबले होते. तीन तास.

"साहेब, चला न! इथं काहून बसले?"

"वानखडे सर याचे हायेत अजून."

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "ते सासुरवाडीत हाय, साहेब. मले सांगून गेले."

साहेबांनी गिलास खाली ठेवला. उठले, पँट झटकली. "म्हंजे ते पुरनपोळी खाऊन राह्यले, अन् मी रस पेऊन राह्यलो. चौथ्या गिलासाले हा रसवंतीवाला म्हने, बावाजी, कोनाची वाट पाहता? म्या म्हटलं, मास्तरची. त्याले वाटलं, माह्या शाळेचा निकाल लागाचा हाय."

आम्ही हसलो. हसू ओसरल्यावर ते स्कूटर डावीकडे तिरपी करत होते. या जुन्या गाड्या अशा कलंडवून मग किक मारावी लागते. किकवर पाय ठेवून ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताई, तुमी त्याइले तुमच्या कागदावरून काढलं. माह्या डोक्यातून कोन काढन?"

त्या एका वाक्याने मी जेवढी शरमले तेवढी कचेरीतल्या कुठल्याही साहेबाच्या बोलण्याने शरमले नाही. दुसऱ्या दिवशी वानखडे सर सासुरवाडीचे अनारसे घेऊन बडनेऱ्याला माफी मागायला गेले. तेव्हापासून नियम झाला, की मधूनच वळणाऱ्याने यादीवालीला नाही, मागच्याला सांगून जायचं. सर आजही कुरकुरतात, "घरी बायकोले सांगत नाही इतकं या मंडळात सांगावं लागते."

मंडळ वाढत गेलं. सहाच्या चौदा, चौदाच्या बावीस. नवे लोक आले, त्यांच्याकडे चकचकीत हेल्मेट, फोन अडकवायचे स्टँड. कोणीतरी सुचवलं, की आता सगळ्यांची ठिकाणं फोनवर एकमेकांना दिसतात, मागे माणूस ठेवायची गरज काय? साहेब म्हणाले, "मालगाडीलेबी आता मांगं खबर देनारी डब्बी लावतात म्हने, अन् गार्डाले मॅनेजर म्हनतात. असन. पन मॅनेजर कोनाची वाट पाहत बसलेला तुमी पाह्यला काय?" विषय तिथेच संपला.

मग अंजनगाव सुर्जीची फेरी आली.

पानमळे पाहायला निघालो होतो. परतवाड्याहून पुढे रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी झाडं. अंजनगावात शिरताच नेहमीसारखे ओळीने उभे राहिलो. मी यादी काढली. एकेक खूण. लांबून पांढरी फुली आली. साहेब उतरले, स्टँड लावलं आणि रोजच्यासारखं म्हणाले, "गाडी पुरी."

माझ्या रकान्यात एक जागा मोकळी होती.

मी पुन्हा मोजलं. मीना सिस्टर नव्हत्या. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या, गेल्या वर्षीच आलेल्या, लाल स्कूटरवाल्या. त्यांचा फोन लागत नव्हता. मी काही बोलायच्या आतच साहेबांना कळलं. इतकी वर्षं जो माणूस आल्यावर आम्ही चहा सांगत होतो, तो आला होता आणि चहा कोणी सांगत नव्हतं.

त्यांनी स्कूटर वळवली. मी मागोमाग निघाले. पथ्रोटच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या हाताला कडुनिंबाखाली मीना सिस्टर उभ्या होत्या. क्लचची वायर तुटलेली, फोनची बॅटरी संपलेली. आम्हाला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग रागही आला. "साहेब, दोन्ही हात हालवले मी! तुमी माह्या अंगावरून निंगून गेले!"

साहेबांनी डिक्की उघडली. वायर काढली. आधी पाना हातातून सुटला, मग पेचकस. मी म्हटलं, "द्या, मी करतो." त्यांनी वायर माझ्या हातात दिली. परत निघताना हळूच विचारलं, "ताई, कोनत्या अंगाले उभी होती ती?"

"डाव्या."

"हं."

डिक्कीत मी डोळ्यांच्या थेंबांची बारकी बाटली कितीदा पाहिली होती. धुळीसाठी आहे, असं ते सांगायचे. त्या दिवशी कळलं, थेंब काचबिंदूचे होते, दोन वर्षांपासूनचे. समोरचं सगळं दिसत होतं, रस्ता दिसत होता, खड्डे दिसत होते. फक्त कडा गेल्या होत्या. आणि मागच्या माणसाचं सारं काम तर कडेलाच असतं.

मंडळात चर्चा झाली, साहेब नसताना. त्यांना मधे चालायला सांगायचं ठरलं. वानखडे सर म्हणाले, "मी नाही सांगू शकत." हमीदभाई म्हणाले, "मेरे से नहीं होगा." सगळ्यांनी माझ्या पर्सकडे पाहिलं.

मी बडनेऱ्याला जाण्याआधी मुद्दे लिहून घेतले. एकूण सहा. पहिला तब्येतीचा, दुसरा मंडळाच्या जबाबदारीचा, असे चढत्या क्रमाने. साहेब ओट्यावर बसले होते. मी पाणी प्यायले, कागद उघडला आणि म्हटलं, "साहेब, पहिलं म्हंजे तुमच्या तब्येतीच्या दृष्टीनं..."

"किती हायेत?"

"काय?"

"मुद्दे."

"सहा."

"शेवटचा सांगा."

मी कागदाकडे पाहिलं. सहावा मुद्दा होता, 'त्यांना दुखवायचं नाही.' तो मी माझ्यासाठी लिहिला होता. तो काही वाचून दाखवता आला नाही. मी कागद घडी केला.

समोरून शाळेची पोरं गेली, एक बकरी गेली. मग साहेबच म्हणाले, "तुमी सिस्टरले तासभर उन्हात उभं ठुलं असं नाई. म्या ठुलं. गाडी तुटली अन् गार्ड म्हने पुरी. नोकरीत असं झालं असतं तर माह्या हातानं झेंडी ठेवून दिली असती म्या. इथं तुमाले चालून यावं लागलं, ह्याचंच वाईट वाटून राह्यलं."

"साहेब, तुमी मंडळ सोडू नका. मधात चाला न. माह्या मागं."

"मधात?" ते इतके दुखावलेले मी आधी पाहिले नव्हते. "मधात काय अस्ते, ताई? मधात कोयसा अस्ते. मालगाडीच्या वाघिनीत."

मला हसावं की रडावं कळेना. तेही मिशीत हसले. मग त्यांनी सरळ कामाची बोलणी सुरू केली, जशी ड्यूटी बदलताना दुसऱ्या गार्डाशी केली असती. मागे कोण राहणार? मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

"तुमी राहा."

"मी? मी तर पुढं असतो साहेब, यादी घेऊन."

"म्हनूनच. पुढं जाऊन यादीचं काय लोनचं घालता? ज्याच्याजवळ यादी, त्यानं मांगं राहावं." थोडं थांबून ते म्हणाले, "अन् मी तुमच्या मांगं बसन. डबलसीट."

मला कळायला जरा वेळ लागला. सगळ्यात शेवटच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर. म्हणजे शेवटचे पुन्हा तेच.

पुढचं दीड वर्ष निळ्या स्कूटरवर मागे गार्डसाहेब. त्यांच्या वजनाने स्कूटर चढावर कण्हायची. दर दोन मिनिटांना ते आख्खी मान डावीकडे, मग आख्खी उजवीकडे वळवायचे, म्हणजे गेलेल्या कडा मानेने भरून काढायचे. त्या वळण्याने हँडल हलायचं. मी ओरडायची, "साहेब, सिद्धे बसा न!" ते म्हणायचे, "तुमी रस्ता पाहा, मी मानसं पाहतो." मला आधी चाळिसाने फार कंटाळा यायचा. पुढून सगळे निघून गेल्यावर रस्ता एकदम मोकळा आणि आपला होतो, कापसाच्या वेचणीला निघालेल्या बाया हात करतात, कोणाच्या गाडीचा आवाज बदलला ते दोन किलोमीटर आधी ऐकू येतं, हे मला पन्नाशीच्या जवळ येऊन कळलं. पुढे असताना मी फक्त घड्याळ पाहत होते.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्या डोळ्याचं, मग "बाबा, आता एकटं कशाला राहता?" निघताना बडनेरा स्टेशनवर आम्ही सोळा जण होतो. सगळ्यांना दोनदोन लाडू मिळाले. त्यांनी वानखडे सरांना जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. सर नंतर बराच वेळ चष्मा पुसत होते. काय सांगितलं ते विचारलं तर म्हणाले, "निघताना प्लग पाहत जा, असं."

पण पुण्याला गेल्यावर एक चमत्कार झाला. साहेब फोन करायला लागले. दर रविवारी सकाळी अकराला. आम्ही जिथे असू तिथे. "पोचले काय सारे?" एवढंच. मी "हो" म्हटलं की ठेवून देत. हवापाणी नाही, तब्येत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही अकोल्याला निघालो होतो. बोरगाव मंजूच्या पुढे वानखडे सरांची हिरवी स्कूटर थांबली. क्लच वायर. मी मागून येऊन थांबले. बाकीचे अकोल्याला पोचून यादीतल्या खुणांसाठी माझी वाट पाहत असणार. सर बाह्या सरसावून खाली बसले, तेवढ्यात फोन वाजला. अकरा वाजले होते.

"पोचले काय सारे?"

"बाकीचे पोचले साहेब. मी अन् वानखडे सर रस्त्यात हाओत. सरांची वायर तुटली."

"सरांचीच काय? मंग बरोबर हाय."

"अर्ध्या तासानं करतो मी फोन."

"काहून? मी हाय न इथं."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो माझ्या सीटवर ठेवून दिला. मी वायर ओढून धरली, सर स्क्रू पिळत होते. फोनमधून पुण्याच्या पंख्याची घरघर येत होती. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग मुलीचा आवाज, "बाबा, पान वाढलंय, या."

"वाढून ठेव."

"कोणाशी बोलताय इतका वेळ?"

"बोलून नाई राह्यलो, पोरी. थांबून राह्यलो."

सरांचा हात स्क्रूवर तसाच थांबला. मग त्यांनी मान खाली घातली आणि पिळायला लागले. वायर बसायला आणखी वीस मिनिटं लागली. आम्ही दोघं काही बोललो नाही, तिकडून काही आवाज आला नाही, आणि फोन कोणी ठेवला नाही. सरांनी स्कूटर कलंडवली, सरळ केली, तीन किका मारल्या. चौथीला तिने धूर सोडला आणि धडधडायला लागली.

मी फोन उचलला. "झाली सुरू, साहेब."

"आयकू आली. आधी सरांले निंगू द्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि जेवायला गेले असावेत.

सर निघाले. हिरवी स्कूटर वळणापर्यंत गेलेली पाहिली आणि मग मी माझी काढली.